पणजोबा कप्तान होते

३ जानेवारी, सकाळी सात
रिटायर होऊन दोन महिने झाले. तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासली, आता घराण्याचा इतिहास लिहिणार. सात पिढ्या. मार्चअखेर पुस्तक तयार. पणजोबा जहाजाचे कप्तान होते हे सर्वश्रुत आहे. (म्हणजे वडील म्हणायचे.) शिवाय हॉलमधला फोटो: चकचकीत बटणांचा कोट, छाती पुढे, नजर लांबवर. ती नजर घरात फक्त माझ्याकडे आली आहे. बायको म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय.

१० जानेवारी
भिंतीवर तक्ता लावला. मी, वडील, आजोबा, पणजोबा. एका सकाळीत चार पिढ्या! बायको म्हणाली, आत्यांना विचारा ना, नव्वदीला आल्यात, दोन स्टॉपवर राहतात. तिला समजावलं की इतिहास पुराव्यावर चालतो, म्हातारीच्या गप्पांवर नाही.

२ फेब्रुवारी
बंदराच्या दफ्तरात गेलो. कारकुनानं विचारलं, जहाजाचं नाव काय? म्हटलं, ते तुम्ही सांगायचं. तो जेवायला गेला. उद्या पुन्हा जाणार.

३ फेब्रुवारी
गेलो नाही. गुडघा.

१९ फेब्रुवारी
कप्तानांची अकरा रजिस्टरं पाहिली. पणजोबा एकातही नाहीत. अर्थ उघड आहे. कामगिरी गुप्त होती. तक्त्यावर लाल पेननं तसं लिहिलं.

४ मार्च
आत्याच्या नव्वदाव्या वाढदिवसाला सगळे जमणार. माझं भाषण ठरलं (म्हणजे मी ठरवलं). फोटो मोठा करून घेतला. दारातून आत येईना, आडवा करून आणला. आत्याचा दोनदा फोन आला. भाषणाच्या गडबडीत घेतला नाही.

१५ मार्च, दुपार
भाषण सुरेख चाललं होतं. तुफानी समुद्रात पणजोबा सुकाणू धरून उभे आहेत इथवर आलो, तेवढ्यात आत्यानं विचारलं, हा कोण बोटीवर गेला? म्हटलं, तुझे आजोबा. आत्या इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली. मग म्हणाली, अरे, ते बंदराच्याच लाँड्रीत कपडे धुवायचे! कप्तानाचा कोट धुवायला आला, तो घालून गेले फोटो काढायला. फोटोवाल्यानं फोटो दुकानाच्या काचेत लावला. चौथ्या दिवशी कप्तान रस्त्यानं चालला होता, त्याला स्वतःचा कोट दिसला. आजोबांची नोकरी गेली. मग आजीनं घरीच धुलाई सुरू केली आणि त्यावर पाच पोरं वाढवली.
टाळ्या पडल्या. आत्याला. माझी अजून नऊ पानं शिल्लक होती.

१८ मार्च
दफ्तरात जाऊन आत्याचं म्हणणं खोडून काढायचं ठरवलं. कारकुनानं दहा मिनिटांत लाँड्रीचं रजिस्टर काढलं. पणजोबांचं नाव, पुढे शेरा: कोट प्रकरणी कमी केले. कारकून एवढा खूश झाला की त्यानं झेरॉक्स स्वतः काढून दिली. बायकोनं ती हॉलमध्ये लावली. म्हणाली, आता कुठे तुमचं घराणं मला आवडायला लागलंय.

२२ मार्च
नवी दिशा. पणजी! धुलाई-उद्योगाची संस्थापक. आत्याची मुलाखत घेणार. बेचाळीस प्रश्न काढले. उद्याच जातो.

११ एप्रिल
प्रश्न एकसष्ट झाले. विषयवार लावल्याशिवाय जाणं बरं नाही. आत्या कुठे पळून जातेय?

६ जून
आत्याची सून फोनवर म्हणाली, हल्ली त्यांना नीट आठवत नाही, यायचं तर या. प्रश्नांची नक्कल अजून टाइप व्हायची आहे. तरी उद्या जातो.

७ जून
गेलो. आत्या खिडकीशी बसली होती. माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, तू कुणाचा रे? म्हटलं, तुझ्या भावाचा. तिनं विचारलं, कुठला भाऊ? मग सगळं सांगितलं. वडील, त्यांची नोकरी, आजोबा, जुनं घर. ती मान डोलावत होती. एकसष्ट प्रश्न खिशातच राहिले. इतकं मन लावून आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं. त्या भरात पणजोबा कप्तान होते हेही सांगून टाकलं.
आत्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाली, छान घराणं आहे हो तुमचं. आमचे आजोबा आपले लोकांचे कपडे धुवायचे.