नाड्यावरची जागा

आप्पा, तुम्ही वाचायला कधी शिकला नाहीत, आणि मी शिकले तेव्हा तुम्ही राहिला नव्हतात. त्यामुळं हे लिहिताना अक्षर कसं येतंय याची काळजी नाही. सोलापुरातल्या माझ्या खोलीत बसलेय. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट जेवणाच्या सुट्टीला थांबलाय, आणि तो थांबला की ही एवढीशी खोली एकदम मोठी वाटायला लागते. एका माणसासाठी तवा तापवायचा कंटाळा येतो, म्हणून कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली. पुढ्यात मुलाचं विमानानं आलेलं निळं पत्र पडलंय. त्यात एकच विचारलंय, "आई, काय ठरवलंस?" त्याला उत्तर द्यायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय.

तुमचा हा नातू अमेरिकेत नोकरीला आहे. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं मला नेलं होतं, कायमचं राहायला. पण उन्हाळा सरायच्या आत मी परत आले. ते का, ते सांगते, पण आधी तिथं कशात बसले ते सांगू दे. ते नीट कळेल असं माणूस मला तुमच्याशिवाय आठवत नाही. इथं सांगून बघितलं की. नळावर एक शेजारीण म्हणाली, "आजी, गड्ड्याच्या यात्रेत बी पाळणं येत्यात की! त्याच्यापायी इमानात कशाला बसलासा?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि घागर उचलून आत आले.

ती तिथल्या खेळांच्या बागेतली एक उघडी गाडी होती, आप्पा. तिचे रूळ फलाटापासून सरळ जातात, मग उभे वळून आकाशात एक पूर्ण गोल घेतात, आणि पुढं एका उभ्या चढावर जाऊन हवेतच संपतात. अशा झटक्यानं सुटणाऱ्या गाड्यांमध्ये हिच्याइतकी वेगवान कुठलीच नाही, हिनं विक्रम मोडलाय, अशी पाटी दारात लावली होती. मुलानं ती मला वाचून दाखवली आणि वर म्हणाला, "आपण फक्त बघायचं हं." सून नातीला घेऊन सावलीत बसली होती. मी मात्र फलाटाच्या मागच्या मनोऱ्याकडं बघत होते. गाडी सुटली की त्या मनोऱ्यात काहीतरी धाडकन खाली उतरायचं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "त्यात मोठ्ठं वजन टांगलंय, आई. मोटर ते सावकाश वर चढवते. वजन सोडलं की ते पडतं, त्याला बांधलेली तार खेचली जाते, आणि ती तार गाडीला ओढून फेकते. मध्ये कप्प्या अशा लावल्यात की वजन थोडंसं उतरलं तरी तार लांबच लांब पळते. म्हणून एवढा वेग." मी म्हटलं, "म्हणजे मोट की रे!"

त्याला मोट माहीत नव्हती. तो आपल्या वळसंगच्या शेतावर यायला लागला तेव्हा विहिरीवर इंजिन आलं होतं. मग मी तिथंच उभ्या उभ्या हातवारे करून त्याला समजावलं. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी ती लांब धाव, तिच्यावरून उतरणारे बैल, त्यांच्या जुवाला बांधलेला जाड दोराचा नाडा, वरचं चाक, आणि बैल खाली उतरतील तशी वर येणारी पाण्यानं भरलेली कातडी मोट. मोट रिकामी झाली की बैल वळायचे नाहीत, तसेच उलट्या पावली धाव चढायचे. तो हसून म्हणाला, "आणि ही गाडीपण तशीच उलटी येते. वरच्या चढावर थांबते आणि मागच्या मागं परत!" मी त्याला म्हटलं, मग तर मला बसायलाच पाहिजे.

नऊवारीचा काष्टा घट्ट आवळला. गाडी सोडणाऱ्या पोराला माझ्या लुगड्याची भीती वाटत होती, त्यानं दोनदा येऊन तपासलं. चपला फलाटावर काढून ठेवल्या. मुलाला उंच चढलं की गरगरतं, म्हणून तो बाहेरच थांबला, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. लोखंडी दांडा मांडीवर येऊन बसतो. क्षणभर काहीच होत नाही. मग मागं वजन सुटतं, आणि आप्पा, पाठीत कुणीतरी छाती लावतं. मी अशी दाबली जाते त्या छातीशी की श्वास तिथंच राहतो. डोळ्यांपुढं गोल यायच्या आधी मला धाव दिसली.

तुम्ही नाड्यावर बसायचा. बैल उतरताना त्यांच्या मागं ताणलेल्या नाड्यावर तुमचं वजन पडायचं आणि मोट वर यायची. मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही मला उचलून पुढ्यात घेतलंत. आत्या बांधावरून ओरडली, "आरं, पोरीच्या जातीला नाड्यावर बसीवतूस व्हय? हिरीचं पानी आटंल की!" तुम्ही बैलांना हाक मारत म्हणालात, "आटलं तर आनखी खोल खनू की, अक्का. त्यात काय?" बैल निघाले. जमीन खाली पळत होती, नाडा गुंजत होता, तुमची छाती माझ्या पाठीला लागून होती आणि तुमच्या आवाजाचा हादरा माझ्या बरगड्यांत येत होता. अर्ध्या वाटेवर मला भीती वाटली आणि मी बाजूला उडी मारली. नाड्याला हिसका बसला, बैल अडखळले, मोटेतलं निम्मं पाणी विहिरीतच परत पडलं. तुम्ही मला मारलं नाहीत. बैलांचे खांदे आधी चोळलेत, मग माझ्याजवळ येऊन म्हणालात, "बसायचं नसलं तर बसू नगं. पन बसलीस तर खालपातूर बसायचं. मदीच उडी मारायची न्हाय. तुज्यासंगं बैलबी हाईत की." आणि पुन्हा पुढ्यात घेतलंत. आत्यानं त्या दिवशी जेवतानाही तोंड फिरवून ठेवलं होतं.

गोलात मी उलटी झाले आणि लुगडं काही सुटलं नाही, हे आईला सांगायला पाहिजे होतं. वरच्या चढावर गाडी दमत दमत थांबली. तिथं वजनाचं काम संपलेलं असतं. जेवढं वर चढलात तेवढं आता आपसूक उतरायचं, दुसरं काही बळ नाही. मग मागच्या मागं निघालो. बैल उलट्या पावली यायचे तेव्हा मी घाबरून मागं वळून बघायची आणि तुम्ही माझी हनुवटी धरून पुढं करायचा. पण इथं उतरताना अंग सीटवरून सुटून हलकं झालं आणि पाठीमागं कुणीच नव्हतं. गाडी फलाटातून मागं गेली, मागच्या चढावर चढली आणि परत येऊन थांबली. चपला होत्या तिथंच होत्या. मुलगा धावत आला, "आई, रडतेयस? दुखलं का कुठं?" मी म्हटलं, वारं लागलं रे डोळ्यांना. आणि पुन्हा जाऊन रांगेत उभी राहिले.

त्यानंतर काही आठवड्यांतच मी परतीचा हट्ट धरला. तिथं घरभर गालिचा, पाऊल वाजत नाही. दोघं कामाला, नात शाळेत, दिवसभर खिडकीतून एक माणूस चालताना दिसत नाही. मला वाटलं, हे आपलं नव्हे, आपलं सगळं सोलापुरात, वळसंगात. विमानतळावर नातीनं माझा पदर सोडला नाही, तो सुनेला सोडवावा लागला. इथं आल्यावर पहिल्यांदा वळसंगची एसटी धरली. आप्पा, धाव राहिली नाही. भावाच्या पोरांनी ती सपाट करून तिथं गुरांसाठी कडवळ पेरलंय. विहिरीवर मोटर आहे, बटण दाबलं की पाणी. त्यांनी चांगलं केलं, माझा राग नाही. चहा दिला, बस, म्हणाले. कुठं बसू ते मात्र मला कळेना.

मी इथं राहत होते ती तुमच्याजवळ राहावं म्हणून. आणि तुम्ही तर तिथं, त्या परक्या लोखंडात, माझ्या पाठीशी येऊन बसलात.

मागांचा आवाज पुन्हा सुरू झालाय. आता मुलाचं पत्र लिहिते, येते म्हणून. या वेळी खालपातूर बसते. हा कागद पाठवायला पत्ता नाही, तो ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत राहील, आणि ट्रंक माझ्याबरोबर येईल. मुलाला मी कळवणार आहे की नातीसाठी येतेय. ते खोटं नाही, तिचा हात अजून पदराला जाणवतो. पण तिच्याआधी मनात एक गोष्ट आली होती, ती फक्त तुम्हाला सांगते: ते यंत्र थंडीत बंद असतं, आणि उन्हाळ्यात परत सुरू होतं.