बेचाळीस वेळा छान

३ जानेवारी
बेचाळीस वह्या, वीस मिनिटं! प्रत्येक चित्राखाली 'छान' आणि सही. मुख्याध्यापिकाबाई खूश — "तुमचं काम कसं वेळच्या वेळी असतं!" चित्रकलेच्या बाईंना दुसरं कौतुक मिळतंय कुठे!

४ जानेवारी
खोडरबर आज वही घेऊन टेबलाशी उभी. एक रेघ ओढते, दोनदा खोडते, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. विचारते काय — "बाई, छान म्हणजे नेमकं कुठे?"

चित्र तिच्या स्वतःच्या हाताचं. मी नीट पाहिलं. खरं तर पहिल्यांदाच पाहिलं. अंगठा भलतीकडूनच फुटलेला! तरी म्हटलं, "सगळंच छान आहे गं, जा बस." बसली. वही मिटून बसली. मला राग आला. कोणाचा, ते कळेना.

५ जानेवारी
भाजीत मीठ घालायला विसरले. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता — "छान झालीय."
"काय छान झालंय?"
"सगळंच!"
तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायला तोंड उघडलं आणि उठून मीठच आणलं. काल मी तरी दुसरं काय केलं?

८ जानेवारी
'छान' बंद. गुण फक्त शेवटच्या चित्राला. तोवर प्रत्येक चित्राला चिठ्ठी — काय जमलं, पुढच्या वेळी काय करून बघायचं. मग तेच चित्र पुन्हा काढायचं. आज कशाबशा नऊ वह्या झाल्या. मुख्याध्यापिकाबाई: "हे काय नवीन खूळ?"

खोडरबरला लिहिलं — पेरांवरच्या रेघा जिवंत आल्यात. अंगठा कुठून निघतो, ते आपल्या हातावर चाचपून बघ.

१२ जानेवारी
खोडरबरच्या हाताचं दुसरं चित्र. अंगठा चुकलाच आहे, पण वेगळा चुकलाय. खाली सरकलाय. तिला तसं सांगितलं.

१५ जानेवारी
शाळा सुटताना तिचे वडील फाटकाशी भेटले. "बाई, आधी छान मिळायचं. आता चुकाच निघतात. काल रडली." पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. "कला नकोच म्हणेल बहुतेक."

अख्ख्या वर्गात हिच्याच रेषेत जान आहे, आणि मीच हिला पळवून लावणार! एक 'छान' लिहून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

१६ जानेवारी
तिसरा हात. बराच वेळ पेन धरून बसले. 'छान' नाही लिहिलं. लिहिलं — अंगठ्याचा सांधा जागेवर आला. आता नख कुठे वळतं ते बघ.

१९ जानेवारी
फॉर्मचा गठ्ठा आला. तिचा सगळ्यात शेवटी उघडला, धीरच होईना.
विषय: कला.
कारण: अंगठा अजून जमला नाही.