खालची चकती

बाबा,

गेल्या मंगळवारी तुमची गाडी नेऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली. आत आई होती. डोळ्यात इंजेक्शन घेऊन परत निघालेली, एका डोळ्यावर पट्टी, बाहेर भर दुपारचं ऊन, आणि बॉनेटमधून वाफ. मी तिला म्हणालो, दुकानदाराने थर्मोस्टॅट चुकीचा दिला. ते खरं नव्हतं. खरं काय ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर तुमची गाडी मी ठेवली. सभेच्या ठिकाणी तिच्यातून उतरलो की कार्यकर्ते गालात हसतात. पण आई दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायला तयार नाही. बंद काचांच्या गाडीत तिला मळमळतं. दर महिन्याला तिला पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं आणि परत घरी सोडायचं. तारीख चुकली तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. म्हणजे ही गाडी चालली पाहिजे, एवढा साधा प्रश्न आहे.

पावसाळा संपला तसा तापमानाचा काटा वर चढेनासा झाला. तासभर चालवली तरी इंजिन थंडच, आणि पेट्रोल मात्र जास्त लागायला लागलं. पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, एवढं तुमच्यासारख्या मिस्त्रीच्या पोटी जन्मून मला कळतं. मी तो स्वतः काढला, खिडकीत ठेवला आणि वाचायला बसलो. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. तीन दिवस वाचल्यावर माझं मत पक्कं झालं: ब्याऐंशी अंशांवर उघडणारा थर्मोस्टॅट थंड मुलखासाठी, आपल्या उन्हाला लवकर उघडणारा, शहात्तरचा हवा.

बाजारातल्या ज्या स्पेअर पार्टच्या दुकानात तुम्ही बाकावर बसून चहा प्यायचात, तिथे आता दुकानवाल्या चाचांचा मुलगा बसतो. त्याचीही दाढी पांढरी झाली. त्याने आधी विचारलं, जुना पीस आणलाय का. मी म्हणालो, घरी आहे, त्याची गरज नाही, शहात्तरचा द्या. त्याने तो काढून काउंटरवर ठेवला, पण हात वरून उचलला नाही.

“साहेब, हा बसेल, पण तुमच्या इंजिनाचा नाही. आकड्यावर जाऊ नका. जुना पीस आणा, खाली चकती आहे का बघू, मग देतो. तुमचे वालिद पीस दाखवल्याशिवाय वायसरसुद्धा न्यायचे नाहीत.”

घर दहा मिनिटांवर होतं. मी काय केलं? मी भाषण केलं. परक्यांचे आकडे आपण किती दिवस डोळे झाकून वापरणार, इथपर्यंत गेलो. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली, एकाने मान डोलावली. दुकानदाराने हात उचलला आणि म्हणाला, “बरं, तुम्ही म्हणता तसं.” त्या चार शब्दांनी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तो शहात्तरचा मी घरी येऊन बसवला.

हेच भाषण मी एकदा तुमच्यासमोर केलं होतं. पळस्प्याचं आपलं गॅरेज, मी अठरा वर्षांचा, नुकताच वक्तृत्वाचा कप घेऊन आलेला. उरणहून मासळीवाल्या बायकांना घेऊन येणारा तो टॅक्सीवाला उभा आहे, त्याची गाडी तापते आहे. त्या काळी सगळे मिस्त्री थर्मोस्टॅट सरळ काढून फेकायचे. गरम देशात कशाला हवा, म्हणायचे. तुम्ही एकटेच फेकत नव्हतात. प्रत्येक थर्मोस्टॅट आईच्या चहाच्या भांड्यात दोऱ्याने टांगून उकळायचात, बुडाला टेकू द्यायचा नाहीत, शेजारी तापमापी, आणि त्याचं तोंड कधी उघडतं ते बघत स्टोव्हसमोर उकिडवे बसायचात. आईने शेवटी ते भांडं तुम्हाला कायमचं देऊन टाकलं.

त्या दिवशी तुम्ही टॅक्सीवाल्याला समजावत होतात. पाणी तापलं की वरची वाट उघडते आणि खालची चकती रेडिएटर टाळणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला तर पाणी आडवाटेनेच इंजिनात परत फिरत राहील, रेडिएटरकडे धड जाणारच नाही. पण तुम्ही बोलायला सावकाश, शब्द शोधत बोलणारे. मी मध्ये पडलो. थंड देशांनी आपल्या माथी मारलेलं यंत्र, म्हणालो. चहावाला, दोन ट्रकवाले, मासळीवाल्या, सगळे हसले आणि माझ्या बाजूने झाले. टॅक्सीवाला म्हणाला, काढा हो मिस्त्री, पोरगा शिकलेला हाय. तुम्ही मुकाट्याने काढलात. मग फडक्याला हात पुसत, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणालात, “तू जिंकलास. आता इंजिनाला पटव.”

इंजिनाला पटलं, असंच मी धरून चाललो. ती टॅक्सी पुढे कितीतरी वर्षं धावताना मी पाहिली. तो टॅक्सीवाला नाक्यावर भेटला की “काय वकीलसाहेब” म्हणून हसायचा, आणि मला तो मान वाटायचा. हा किस्सा मी किती व्यासपीठांवरून सांगितला असेल! बापाशी वाद घालून खरा ठरलेला मुलगा. टाळ्या हमखास.

मंगळवारी इंजिन निवेपर्यंत मी आईला रस्त्याकडेच्या एका टपरीच्या सावलीत बसवलं. मी दुकानदाराला दोष देत होतो आणि ती पट्टीवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, “त्या उरणवाल्याची गाडी पण अशीच तापली होती.”

मी म्हणालो, आधी तापायची, नंतर नाही.

“नंतरच जास्त तापली. चौथ्या दिवशी बोंबलत आला. तू कॉलेजात होतास. तुझ्या बाबांनी नवा आणून बसवून दिला, त्याच्या हातापाया पडले, आणि म्हणाले, माझ्या पोराला सांगू नको. मला पण शपथ घातली.” पट्टी चाचपत म्हणाली, “आता या डोळ्याचा काय भरवसा नाय. म्हटलं, तुला सांगून टाकावं.”

तिने ते रागाने सांगितलं नाही. मला रागच आला, बाबा, आणि तो तुमच्यावर. का नाही सांगितलंत? आयुष्यभर आवाजाच्या जोरावर माणसं वळवली मी. त्यातली किती खरोखर पटून वळली आणि किती नुसतीच “बरं” म्हणाली, हे आता कसं शोधायचं? अठराव्या वर्षी चारचौघांत एकदा तोंडघशी पडलो असतो तर मेलो नसतो. तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. आणि हे लिहितानाही मी तुमच्याशी वादच घालतोय, तेही कळतंय.

शुक्रवारी खिडकीतला जुना थर्मोस्टॅट खिशात घालून दुकानात गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो: तुम्ही बरोबर होतात, मी चुकलो. दुकानदाराने जुना पीस हातात घेतला, उलटा केला, शहात्तरच्या पीसला नसलेल्या चकतीवर बोट ठेवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “माझीच गलती झाली साहेब. मी अडून बसायला पाहिजे होतं. अम्मांना त्रास झाला ना?” बाकावर तेव्हाही दोन माणसं बसली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, असू द्या, होतं असं.

मी त्याला माफ केलं, बाबा.

ब्याऐंशीचा, चकतीवाला थर्मोस्टॅट बसवला. काटा आता मध्यावर येऊन थांबतो. पुढच्या तारखेला आई वेळेवर पोचेल. ते दुकान आज सकाळपासून उघडं आहे आणि मी हे पत्र तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही बाकावर बसलेल्या माणसांसमोर ते वाचणार नाही.