वरच्या कोर्टवर माझं नाव

शनिवार, भोर

फळ्यावर माझं नाव आज एक कोर्ट वर गेलं, जीव मात्र खालीच राहिलाय. आमच्या पिकलबॉलच्या शिडीत दर शनिवारी चौघींत पहिली येणारी वरच्या कोर्टवर जाते. म्हणजे पुढच्या शनिवारी समोर सुमन नाही. कॉन्व्हेंटमध्ये मार्कांप्रमाणे बाक बदलायचे, तेव्हा तिच्याशेजारीच राहावं म्हणून मी एक गणित मुद्दाम चुकवलं होतं. आजही शेवटचा चेंडू जाळीत मारणारच होते. पलीकडून सुमन ओरडली, "ए, त्या गणितासारखं करू नकोस हं!"

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं?

मी नीट मारला. जिंकले. मग माझं नाव तिनंच पुसून वर लिहिलं. अक्षर अजून तसंच, गोल.

"थांब तिथंच," म्हणाली, "मी येतेच."