भैरवीआधी उठणारे अण्णा

मळमड्डी, धारवाड
१६ जानेवारी २००३

सुधींद्रअण्णांना अंबूचा नमस्कार.

पंधरा वर्षं तुम्ही पेपरात माझ्या गाण्यावर लिहिलंत, पण माझी भैरवी एकदाही ऐकली नाहीत. दुपारच्या बसनं हुबळीला जाऊन मजकूर द्यायचा, म्हणून भैरवीआधीच छत्री उचलून निघायचात.

त्र्याण्णव साली तुम्ही स्वतः बांधलेली भैरवीतली बंदिश मला दिलीत आणि वर दरडावलंत, “माझ्यासमोर ही गायची नाही. मग मी तुझ्यावर खरं कसं लिहू?” मी ऐकलं. तुम्ही दाराबाहेर पडलात की दरवेळी तीच गायले. लोक विचारायचे, “अक्का, यारदरी इदु? कुणाची ही बंदिश?” मी म्हणायची, “आत्ताच बाहेर गेले ते.” सगळ्यांना थट्टाच वाटायची.

गेल्या महिन्यात तुम्ही लिहिणं थांबवलंत. रविवारी सकाळी माझ्या गाण्याला याल, तेव्हा बस गाठायची नसेल. तुमची बंदिश पहिल्यांदाच तुमच्यासमोर गाणार आहे.

हे पत्र मात्र टाकत नाही. आधी कळलं, तर याही वेळी छत्री उचलाल.

तुम्ही दरवेळी लिहिलंत तशी, तानेत घाई करणारी,
अंबू