दत्तू का नाही आला

पेण, मंगळवार, संध्याकाळ

बाबांना आज खरं सांगितलं. चुकले का?

नवा विमानतळ झाल्यापासून विमानं घरावरून जातात. बाबा शंभरीला टेकलेत, विमान गेलं की विचारतात, "समदी परत आली का गो?" दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते दूर कुठेतरी वैमानिक शिकवायच्या तळावर मेकॅनिक होते. शेतं सपाट करून धावपट्टी केलेली, राहायला तंबू. लढाई संपली, तळ मोडला, तिथे पुन्हा नांगर फिरला. आम्हाला ठाऊक एवढंच.

मी नेहमीसारखं "आली" म्हटलं.

"मग दत्तू का नाय आला जेवायला?"

दत्तू कोण? रोह्याला दादाला फोन केला, त्यालाही माहीत नाही. शेवटी बाबांनाच विचारलं. दत्तू आपल्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांचा पोरगा. तळावर बाबांच्याच तंबूत राहायचा. एका विमानाचं इंजिन दुरुस्त झाल्यावर चाचणीच्या उड्डाणात बाबा बसणार होते. दत्तूने हट्ट धरला, बाबांनी जागा दिली. विमान परत आलं नाही. साहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची खाट दुसऱ्याला दिली.

म्हणजे इतकी वर्षं ते वाटच बघतायत?

मी त्यांचा हात धरला. "बाबा, दत्तू गेला. तो नाय येणार."

 ते उठून चपला शोधायला लागले. "त्याच्या आयेला कोन सांगनार?"

ती आता कुठली असायला! पण चपला काही सोडेनात. उद्या दादाला गाडी घेऊन बोलावलंय. आम्ही दोघं खाडीकडे नेतो त्यांना. दत्तूच्या घरचं कुणीतरी असेलच.