रिकामा डबा परत येईना

आदरणीय चांगुणा आत्यास,

नायगावहून आनंदराजचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि आपलं बोलणं अख्खी गल्ली ऐकते, म्हणून हे पत्र.

आमच्या नांदेडच्या कंपनीनं मला इथल्या वैजनाथशेठच्या किराणा दुकानासाठी रोबोट करायला लावलं. गिऱ्हाइकानं फोनवर यादी पाठवायची, रस्त्याच्या कडेला थांबायचं, रोबोट पिशवी आणून देणार. (चार चाकं आणि वर डबा. तू बघितलास तर पाळणा म्हणशील.) चाचणी जमली तर असे वीस रोबोट नांदेडला बनणार आणि मी आईजवळ राहणार, नाही जमली तर पुन्हा पुणं. मी डब्याला वजनकाटा बसवला. डबा मिनिटभर रिकामा राहिला की माल पोचला असं समजून रोबोटनं परतायचं, तोवर गिऱ्हाइकाच्या फोनचा माग सोडायचा नाही. चार महिने ह्यावर खपलो, आणि आपल्याकडे रिकामं भांडं कुणी परत पाठवत नाही, एवढंच नेमकं विसरलो. तेही तुझ्या घरी वाढून!

पहिलं गिऱ्हाईक नीलाबाई. त्यांनी पिशवी घेतली, रिकामा डबा बघितला आणि ओच्यातले दोन पेरू काढून आत ठेवले. रोबोटला वाटलं, माल अजून पोचलाच नाही. तो निघाला त्यांच्या मागं. बाईंना वाटलं, कमी पडलं. त्यांनी मूठभर शेंगा घातल्या. डबा आणखी जड, रोबोट आणखी इमानी! मोंढ्यातून, बसस्टँडवरून वरात निघाली, मागं पळणारा मी. वाटेत दोघींनी लिंबं टाकली, एका आजोबांनी विडा. शेवटी बाईंच्या उंबऱ्याला चाकं अडली तेव्हा कुठं थांबला. नीलाबाई मला म्हणाल्या, "लई गुणाचं हाय, पर घरी जाईना की. कोन हाय ह्याला?"

दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'आत काही ठेवू नये'. लोकांनी पाटी वाचली आणि वस्तू झाकणावर ठेवल्या. (काट्याला आत काय अन् वर काय!) वैजनाथशेठ म्हणाले, "इंजिनेर, तुमचं यंत्र माल न्हाई, गिऱ्हाईक घरी पोचवून राहिलं."

आत्या, राग यायला हवा होता, आला नाही. पुण्यात चार वर्षांत माझा डबा कुणी भरून परत दिला नव्हता. म्हणून काट्याला न जोडलेला दुसरा कप्पा बसवायचं ठरवलं. लोकांनी द्यायचं ते त्यात. आमचे अमरनाथ साहेब विचारतात, हा कप्पा कशासाठी? तीनदा इंग्रजीत लिहून पाहिलं. वाचल्यावर मलाच वाटलं, लाच घ्यायची सोय केलीय. सोमवारी ते स्वतः बघायला येणार, आणि तोवर कप्पा बसवायचा नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा
आनंदराज

ता. क. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक म्हणून तू नायगावला ये. साहेबांसमोर पिशवी घे आणि डब्यात काहीही ठेवू नकोस. असं माणूस मला अख्ख्या तालुक्यात सापडलं नाही.

पुन्हा ता. क. आईला ह्यातलं काही माहीत नाही. माझं नांदेडचं पक्कं झालं असं धरून तिनं माझ्या खोलीला निळा रंग दिलाय, स्वतः स्टुलावर चढून. तेव्हा आत्या, त्या दिवशी येताना लाडू आणू नकोस. आणशीलच, तर माझ्या हातात दे.